अपसव्य मोटर

आमच्या सासरी पाण्याला प्रतवारी होती. नदीचं पाणी पहिलं, तळ्याचं दुसरं, विहिरीचं तिसरं, आणि नळाचं पाणी भांडी घासायला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सांगत की हे शास्त्रात आहे, आणि शास्त्रात काय आहे ते बघायला आमच्या घरात त्यांच्याखेरीज कुणी जात नसे. जन्म काशीतल्या ब्रह्मा घाटावरचा, सगळी हयात वेदपाठशाळेत मुलांना संथा देण्यात गेलेली. मुंज झाल्यापासून त्यांनी कार्तिकस्नान चुकवलं नव्हतं. कोजागिरीच्या दुसऱ्या पहाटे पहिली बुडी, आणि मग कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज. तापात केलं, पुराच्या वर्षी केलं, आणि माझ्या नवऱ्याचा जन्म झाला त्या पहाटेही आधी स्नान करूनच बाळ बघायला आले, असं सासूबाई मला किमान महिन्यातून एकदा ऐकवत.

मी सांगलीची. कॉलेजात मुलींना गणित शिकवायची, आणि लग्नाला वीस वर्षं होत आली तरी या घरातल्या तर्कशास्त्रावर माझं डोकं फिरायचं. मामंजी सांगायचे, जगातल्या नद्या कुठेही जावोत, काशीत गंगा उत्तरेला वळते. सूर्याकडे तोंड करून पाण्यात उभं राहिलं की प्रवाह उजव्या खांद्याला ढकलतो. डोळे मिटून सुद्धा कळतं की आपण काशीत आहोत. मी म्हणायची, डोळे उघडे ठेवले तर जास्त लवकर कळेल. ते हसायचे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायचे.

त्या वर्षी चैत्रात ते घाटाच्या पायरीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि डॉक्टरांनी पायऱ्या कायमच्या बंद केल्या. आता ब्रह्मा घाटावर पायऱ्या चढल्याउतरल्याशिवाय शेजारी साखरही मागता येत नाही. तेव्हा नवऱ्याच्या बँकेनं आम्हाला सारनाथच्या वाटेवर एका साडीवाल्या शेठजींचा बंगला भाड्यानं मिळवून दिला. सपाट जमीन, दोन आंब्यांची झाडं, आणि मागच्या बाजूला चक्क पोहण्याचा तलाव. शेठजींनी नातवंडांसाठी हौसेनं बांधलेला. तळाशी फरशांच्या तुकड्यांनी डॉल्फिन काढायला सांगितला होता, पण कारागिरानं डॉल्फिन कधी पाहिलेला नसल्यामुळे तिथे मिशा असलेला एक भलामोठा रोहू मासा हसत पडला होता. नातवंडं एकदा भ्यायली ती परत आलीच नाहीत.

तलाव पाहिल्यावर मामंजी पुष्कळ दिवसांनी खुर्चीत ताठ बसले. चैत्रापासून ते बादलीनं आंघोळ करत होते आणि त्याला आंघोळ म्हणायला तयार नव्हते. "अंग धुतलं," एवढंच म्हणायचे, आणि तेही असं की जणू भांडं विसळून पालथं घातलं. आता त्यांनी हिशेब मांडला. नुसतं साठलेलं पाणी म्हणजे तळं, दुसरी प्रत. पण तलावाला पंप होता. पंप एका टोकाकडून पाणी ओढायचा, गाळायचा आणि दुसऱ्या टोकानं परत सोडायचा. म्हणजे पाणी वाहतं. वाहतं पाणी म्हणजे नदी. त्यात गंगाजळाचा तांब्या ओतला आणि सात नद्यांना हाक मारणारा श्लोक म्हटला की कार्तिकस्नान होईल. डॉक्टरांनी कठड्याला धरून पाण्यात उतरायची परवानगी दिली होती. सासूबाई म्हणाल्या की हे छप्पर नसलेलं न्हाणीघर आहे, पण त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

इथवर सगळं ठीक होतं. दसऱ्याच्या दिवशी मामंजींना आणखी एक नियम आठवला. दुसऱ्यानं खणलेल्या जलाशयात स्नान करायचं तर आधी त्यातले पाच मातीचे गोळे बाहेर काढायचे. म्हणजे खणण्याच्या पुण्यात आपला थोडा वाटा होतो, आणि फुकट आंघोळ केल्याचा दोष लागत नाही. मी म्हटलं, मामंजी, तळाला फरशी आहे, माती कुठून येणार. ते म्हणाले, मग आधी घाल.

मी घातली. मला त्या वेळी राग आला होता, आणि रागात मी सांगितलेलं काम जरा जास्तच नीट करते. बागेतली भिजलेली माती, मुळं, गवत, खडे अशी घमेलंभर आणून ओतली. मामंजींनी काठावर बसून हात घालून पाच मुठी बाहेर काढल्या, समाधानानं हात धुतले, आणि उरलेलं घमेलं पंपानं ओढून घेतलं. पंपघरातून आधी खरखर, मग नुसती गुणगुण, आणि मग जळक्या वार्निशचा असा वास आला की सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, काय फोडणीला टाकलंय. मोटर जळली होती. कोजागिरी पाच दिवसांवर होती.

पंपाचे मिस्त्री होते, पण ते रामनगरच्या रामलीलेत वानरसेनेत होते. नवरा त्यांच्या घरी गेला तर त्यांच्या बायकोनं सांगितलं, पूर्णिमेपर्यंत ते वानर आहेत, त्यानंतर विचारा. दुसरे मिस्त्री देवीच्या मांडवांची रोषणाई उतरवण्यात गुंतलेले. मग नवऱ्यानं शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि जाहीर केलं की मोटर बदलणं ही काही मोठी गोष्ट नाही, तो स्वतः बदलेल. हा माणूस बँकेत कर्जाची प्रकरणं बघायचा. घरी त्यानं आजवर फक्त एक घड्याळ उघडलं होतं, आणि ते अजून एका डब्यात होतं.

काम सुरू करण्याआधी मी एक अट घातली. मेन बोर्डातला पंपाचा फ्यूज काढून मी माझ्या पदराला बांधणार, आणि मी म्हणेन तेव्हाच तो परत लागणार. मला विधवा व्हायचं नव्हतं, आणि झालेच तर निदान पोहण्याच्या तलावापायी नको. नवऱ्याला हे अपमानास्पद वाटलं. मामंजींनी मात्र मान डोलावली. पुढचे दिवस मी पदराला गाठ मारून त्या घरात फिरत होते आणि दोघंही माझ्याशी फार गोड बोलत होते.

पंपघर म्हणजे विटांची एक खोपटी. दारात उभं राहिलं की समोर पंप, त्याच्या मागे त्याला जोडलेली मोटर, आणि मोटरची पाठ थेट मागच्या भिंतीला. मामंजींची वेताची खुर्ची दारात लागली. नवरा आत आडवा पडून पेच सोडवायला लागला. सगळे बोल्ट गंजलेले. त्यांवर घरातलं खोबरेल संपलं, तिळाचं तेल संपलं, आणि सासूबाईंनी तुपाचा डबा कुलपात घातला.

मोटरच्या तारा सोडवायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, कुठली तार कुठे होती ते कागदावर लिहून ठेवा. मामंजींना ते फार खालच्या दर्जाचं वाटलं. लिहिलेलं हरवतं, म्हटलेलं राहतं, असं ते म्हणाले. ज्या घराण्यानं वेद तोंडी सांभाळले, त्याला चार तारा सांभाळता येणार नाहीत होय? त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं आणि पाठशाळेत संथा देतात तशी, पुढे-मागे-पुढे अशी, तारांची जटा बांधून दिली. लाल काळा, काळा लाल, लाल काळा. काळा पिवळा, पिवळा काळा, काळा पिवळा. पिवळा हिरवा, हिरवा पिवळा, पिवळा हिरवा. हातवारे करून, स्वर लावून. नवरा सेहेचाळीस वर्षांचा, कपाळाला ग्रीस, पण बापापुढे मांडी घालून म्हणत होता. संध्याकाळपर्यंत सासूबाई पोळ्या लाटताना तेच गुणगुणायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर मला ते आजही पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी नवरा बाजारातून नवी मोटर घेऊन आला. स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये, मामंजींच्या जुन्या उपरण्यात गुंडाळून. उपरणं सोडलं. मोटरच्या सगळ्या तारा पांढऱ्या होत्या.

मग मामंजी म्हणाले, "पाठ चुकलेला नाही. संहिता बदलली." आणि ते चहा प्यायला आत गेले.

दुकानदार भला माणूस असावा. कुठल्या तारा कुठे लावायच्या ते त्यानं नवऱ्याला दाखवून दिलं होतं, आणि विचारलंही होतं, "भाई साहब, किधर घुमाना है? सीधी कि उल्टी? दो तार पलट दीजिएगा, घूम जाएगी." नवरा म्हणाला, सीधी. आता जगात कुणालाही विचारा, सीधी म्हणजे पंपाला लागेल तशी. पण आमच्या घरात सरळ आणि उलट हे पंपावरून ठरत नसतं. आमच्याकडे सरळ म्हणजे सव्य, देवाला प्रदक्षिणा घालतो तसं, आरती ओवाळतो तसं, घड्याळाचे काटे जातात तसं. उलट म्हणजे अपसव्य. ते श्राद्धाला. जानवं उजव्या खांद्यावर घ्यायचं आणि पितरांचं सगळं उलट्या अंगानं करायचं. पंपावर खरी दिशा दाखवणारा बाण होता म्हणे, पण शेठजींनी तलावाला शोभावं म्हणून पंपासकट सगळ्याला निळा ऑइलपेंट फासला होता.

मोटर बसवण्याआधी मामंजींनी तिची पूजा केली. हळदकुंकू, फूल, अक्षता. मग पंपाला न जोडता नुसती फिरवून बघायची ठरली. मी पदराची गाठ सोडून फ्यूज लावला. मोटर फिरली, आणि आतून असा खडखडाट सुरू झाला की आंब्यावरचे पोपट उडाले. नवरा म्हणाला, बेअरिंग गेलं, दुकानदारानं फसवलं. त्यानं मागचं झाकण उघडलं. अर्धी दुपार गेल्यावर आतून अक्षतांचे सात-आठ दाणे निघाले. मामंजींनी ते उचलून तुळशीत टाकले आणि म्हणाले की त्यांचं काम झालं.

पुन्हा फ्यूज. या वेळी मोटर सुरेख फिरली. मामंजींनी खुर्चीतून वाकून बघितलं, काठीनं हवेत दोनदा वर्तुळ काढलं, आणि डॉक्टर रोग सांगतो तसं सांगितलं, "अपसव्य."

खरंच, दारातून बघताना ती काट्यांच्या उलट फिरत होती. नवऱ्यानं दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणे दोन तारा पलटल्या. आता ती प्रदक्षिणेसारखी फिरायला लागली. मामंजींचा चेहरा उजळला. ही घराण्यातली झाली, म्हणाले. मी फ्यूज काढून पुन्हा पदराला बांधला, आणि सगळ्यांनी श्रीखंड खाल्लं.

मग मोटर पंपाला जोडली. पंपात कळशीनं पाणी भरलं, हवा काढली, फ्यूज लावला. मोटर जोरात फिरत होती, पंप घुरघुरत होता, आणि तलावाच्या तोटीतून करंगळीएवढी धार लागली. तेवढ्यावर आमच्या कुंडीतली तुळसही जगली नसती. नवऱ्यानं सांगितलं की कुठूनतरी हवा ओढली जातेय. त्यानं झाकणाच्या कडेला कणीक थापली. कणीक पंपानं ओढून घेतली. मग त्यानं गाळणी धुतली, झडप उघडली, झडप बंद केली, पाइपाला कान लावला, आणि प्रत्येक वेळी असं काहीतरी म्हणाला की जणू ही सगळी त्याची आधीपासूनची योजना होती. पंपाला ते मान्य नसावं. एकदम कर्रकर्र आवाज झाला, मी धावत जाऊन फ्यूज ओढला, आणि आम्ही पंप उघडला.

पंपाच्या आत एक चक्री असते. मोटरच्या दांड्यावर ती आट्यांवर फिरवून बसवलेली. पाणी फेकायचं काम तिचं. ती दांड्यावरून सुटून पुढे आली होती आणि पंपाच्या पोटाला घासत होती. नवऱ्यानं घट्ट आवळून बसवली. पुन्हा चालवलं, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा तो आवळत होता तेव्हा माझ्या हातात लोणच्याची बरणी होती, कारण जेवायची वेळ झाली होती आणि कुणीच येत नव्हतं. मी झाकण उघडत होते. आणि मला दिसलं की मी झाकण जसं सोडवते तशीच मोटर त्या चक्रीला सोडवते आहे. फिरतानाच आवळली जावी म्हणून तिचे आटे कापलेले होते, पण दुसऱ्या दिशेनं. आमची मोटर उलटी होती. पहिल्यांदा फिरली होती तीच बरोबर होती.

मी हे सांगितलं. बरणी उघडूनमिटून दाखवलं. नवऱ्याला लगेच पटलं, आणि पटल्याबरोबर तो बापाकडे बघायला लागला. मामंजींनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले.

"कार्तिकस्नान करायचं, सूर्याला अर्घ्य द्यायचं, आणि त्यातलं पाणी फिरवायचं अपसव्य," ते म्हणाले. "ते माझ्या श्राद्धाला फिरवा."

मी भांडले. मी कागदावर वर्तुळं काढली. म्हटलं, दिशा ही वस्तूत नसते, ती बघणाऱ्यात असते. काचेवर काढलेलं घड्याळ मागून बघा, काटे उलटे जातात. मामंजी म्हणाले, काशीत काचेवर घड्याळ कोण काढतो. नवऱ्यानं सुचवलं की पंपघराचं दार मागच्या भिंतीत पाडू, म्हणजे मोटर पाठीमागून दिसेल. बंगला शेठजींचा आहे याची मी त्याला आठवण करून दिली. शेवटी मामंजींनी हात वर केला आणि म्हणाले की जाऊ द्या, यंदाचा कार्तिक बादलीनं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी सासूबाई मला भाजी निवडताना हळूच म्हणाल्या, "चैत्रापासून हे एकदाही आंघोळ केली म्हणाले नाहीत. ऐकलंयस ना?" मी ऐकलं होतं. मला दोघांचाही संताप आला, मामंजींचाही आणि त्या चक्रीचाही, आणि मी नको तेवढी भाजी निवडली.

कोजागिरी आली. आमच्याकडे कोजागिरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. ते अपत्य पाळण्यात असो की पेन्शनीत, आई असेपर्यंत पाटावर बसायचं आणि ओवाळून घ्यायचं. संध्याकाळी चंद्र आंब्याच्या वर आला, दुधाचं पातेलं गच्चीऐवजी अंगणात ठेवलं, आणि माझा नवरा पाटावर बसला. नखांत ग्रीस, कपाळाला टिळा, डोक्यावर टोपी. मामंजी शेजारी खुर्चीत. चंद्राकडे बघत नव्हते, तलावाकडेही नाही. सासूबाईंनी निरांजन लावलं आणि ओवाळायला सुरुवात केली.

नवरा निरांजनाकडे बघत राहिला. चार-पाच दिवस त्यानं फिरणाऱ्या वस्तूंखेरीज काही पाहिलं नव्हतं. त्याची नजर ताटाबरोबर गोल गोल जायला लागली.

"आई," तो म्हणाला, "तू अपसव्य ओवाळतेयस."

सासूबाईंचा हात थांबला. जन्मभर घरात त्यांनी ओवाळलं होतं, देवाला, नवऱ्याला, मुलाला, नव्या स्कूटरला. त्या म्हणाल्या की ग्रीस डोक्यात गेलंय. मामंजींनी मुलाला झापलं. मी सासूबाईंच्या मागे उभी होते आणि मला ताट अगदी व्यवस्थित प्रदक्षिणेसारखं फिरताना दिसलं होतं. नवरा म्हणाला, मला इथून उलटं दिसतंय, बाबा, शपथ. मामंजींनी काठी टेकली, उठले, आणि मुलाला पाटावरून उठवून तिथे स्वतः बसायला लागले. खुब्यामुळे पाटावर बसता येईना, तेव्हा मी खुर्ची पाटाच्या जागी सरकवली.

"ओवाळ," ते सासूबाईंना म्हणाले.

"तुम्ही कुठे थोरले? तुम्ही तिसरे."

"ओवाळ ग."

त्यांनी ओवाळलं. मामंजींनी नजर निरांजनावर ठेवली आणि बोटानं हवेत त्याच्याबरोबर वर्तुळ काढलं. मग उठून सासूबाईंच्या मागे गेले, त्यांच्या खांद्यावरून बघितलं. पुन्हा खुर्चीत आले. असं दोनदा झालं. दूध आटत चाललं होतं, पण मी ढवळायला गेले नाही.

"म्हणजे," शेवटी ते म्हणाले, "आजवर केलेली प्रत्येक आरती देवाला उलटी दिसली."

शेकडो वर्षांच्या आरत्या अंगणात येऊन उभ्या राहिल्यासारखं झालं. सासूबाईंनी निरांजन खाली ठेवलं आणि पदरानं हात पुसले.

"तो कधी काही म्हणाला नाही," त्या म्हणाल्या.

मामंजींना हसू आलं. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि चैत्रापासून न ऐकलेलं ते हसणं इतकं लांबलं की नवऱ्यानं घाबरून पाणी आणलं. हसणं ओसरल्यावर त्यांनी निवाडा दिला. पंपघराच्या दारात उभं राहून मोटरचं तोंड बघणारा, तो देवाच्या जागी. ओवाळणारा मागच्या भिंतीकडे. त्याला ती सव्यच दिसणार. आपण दारात उभे राहतो ही आपली चूक, मोटरची नाही. मी म्हटलं, मामंजी, मी हेच दोन दिवस सांगतेय. ते म्हणाले, तू काचेवरचं घड्याळ सांगत होतीस.

दूध पिण्याआधीच तारा पलटून झाल्या. मी कंदील धरला, नवऱ्यानं चक्री आवळली, आणि पलटताना तो नकळत संथा म्हणत होता, लाल काळा, काळा लाल, जरी सगळ्या तारा पांढऱ्या होत्या. मी सकाळसाठी फ्यूज उशाशी ठेवला.

पहाटे अजून तांबडं फुटायचं होतं. मामंजी पंचा नेसून, काठीवर, एका बाजूला मुलाचा हात धरून काठाशी आले. पाच गोळ्यांचा प्रश्न मी आदल्या दिवशीच सोडवला होता. मातीचे पाच गोळे माझ्या कॉलेजला न्यायच्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून डबा पाण्यात बुडवून ठेवला होता. मामंजींनी डबा बाहेर काढला, उघडून मोजले, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी या घरात आल्याचा त्यांना पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला होता. तांब्यातलं गंगाजळ ओतलं. कठड्याला धरून ते एकेक पायरी उतरले. पायऱ्या तीनच होत्या, आणि डॉक्टरांना त्या कुणी सांगितल्या नव्हत्या.

मी फ्यूज लावला. पंपघरात मोटर सुरू झाली, खडखड नाही, कर्रकर्र नाही, एकसारखी. थोडा वेळ काही झालं नाही. मग दक्षिणेच्या भिंतीतल्या तोटीतून पाणी असं जोरात आलं की तळाचा रोहू हलायला लागला.

मामंजींनी नाक धरून बुड्या मारल्या. एक, दोन, तीन. वर आले, केस कपाळाला चिकटलेले, आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या टाकीमागून उजेड येत होता तिकडे, पूर्वेला, तोंड करून छातीभर पाण्यात उभे राहिले. ओंजळ भरली. पण अर्घ्य देईनात. डोळे मिटून नुसते उभे. सासूबाई सूर्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होत्या. मला वाटलं मामंजींना चक्कर येतेय, मी पाण्यात पाय घातला.

तेवढ्यात नवरा पंपघराच्या दारातून ओरडला. त्याला काही राहवत नव्हतं, तो पुन्हा देवाच्या जागी जाऊन मोटर बघत होता. म्हणाला, बाबा, इथून अजून अपसव्यच दिसतेय, काय करू.

"फिरू दे," मामंजी डोळे न उघडता म्हणाले. "पाणी उजव्या खांद्याला लागतंय."

मग त्यांनी अर्घ्य दिलं. मी ओल्या पायांनी तिथेच काठावर बसले, आणि रडताना हातात काहीच नव्हतं म्हणून मातीच्या डब्याचं झाकण उगाच आवळत राहिले. ते बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी पंचा पुढे केला आणि विचारलं, झालं का.

"आंघोळ केली," ते म्हणाले.